स्पीकर कधी नकार देत नाही

6 जून 2025 रोजी कॅलिफोर्नियातल्या फेडरल न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी एका तडजोडीला मंजुरी दिली आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे देण्याचा रस्ता खुला झाला. पहिल्या वर्षासाठी एका विद्यापीठाची मर्यादा ठरली साधारण 2 कोटी 5 लाख डॉलर. खेळाडूंच्या घामावर कित्येक दशकं बाकीच्यांनी गब्बर व्हायचं, ही पद्धत मोडली हे उत्तमच झालं. पण तेव्हापासून कॉलेज फुटबॉलच्या, म्हणजे कॉलेजांतल्या अमेरिकन फुटबॉलच्या जगात पैशांची ओढाताण वाढली, आणि ओढाताण वाढली की जे कमावत नाही त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. मार्चिंग बँड, म्हणजे सामन्याच्या वेळी मैदानावर संचलन करत वाजवणारा विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद, कमावत नाही. दोनशे-तीनशे विद्यार्थी, त्यांचे गणवेश, वाद्यं, बाहेरगावच्या सामन्यांसाठी बसगाड्या, हॉटेलं. हा सगळा खर्चच. एका बाजूचं म्हणणं असं की आता हा व्यावसायिक खेळ आहे, बँडची हौस पुरे. उत्तम साउंड सिस्टीम आहे, डीजे आहे, तेवढं बस्स. दुसरी बाजू हात जोडून म्हणते, परंपरेला हात लावू नका. माझ्या मते दोन्ही बाजू बँडकडे एक शोभेची वस्तू म्हणूनच पाहतात. एकीला ती अडगळ वाटते, दुसरीला देव्हाऱ्यातली मूर्ती. ती वाजवणारी माणसं आहेत, हे दोघींच्याही हिशेबात येत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. कॉलेज फुटबॉलमध्ये ‘कॉलेज’ म्हणून जे काही अजून शिल्लक आहे, त्यातला सर्वांत मोठा भाग म्हणजे बँड. तो राखला पाहिजे, त्यावर पैसा खर्च केला पाहिजे. आणि ज्या कारणासाठी तो राखायचा, त्याच कारणासाठी काय वाजवायचं यात वाजवणाऱ्यांचा शब्द मोठा असला पाहिजे, अगदी कॉलेजच्या समरगीताच्या, म्हणजे फाइट साँगच्या बाबतीतसुद्धा.

बँड या खेळाला नंतर चिकटवलेला नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. नोत्र दाम विद्यापीठाचा बँड 1845 पासूनचा आहे. तिथे पहिला फुटबॉल सामना झाला 1887 मध्ये, मिशिगनविरुद्ध. 1862 च्या मॉरिल कायद्याने राज्याराज्यांत शेती आणि तंत्रशिक्षणाची कॉलेजं उभी राहिली, त्या कायद्यात लष्करी शिक्षणाचीही तरतूद होती. कवायत आली तशी कवायतीची वाद्यंही आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे कॅडेट बँड फुटबॉलच्या मैदानावर उतरले आणि हळूहळू कवायतीचं काहीतरी वेगळंच करून बसले. 1907 मध्ये पर्ड्यूच्या बँडने रांगा मोडून मैदानावर ‘पी’ हे अक्षर उभं केलं. त्याच वर्षी इलिनॉयच्या बँडने हाफटाइमला, म्हणजे मध्यंतरात, कार्यक्रम केला. 1936 मध्ये ओहायो स्टेटच्या बँडने चालता चालता ‘ओहायो’ हा अख्खा शब्द वळणदार अक्षरांत लिहिला, आणि आजही त्यातल्या ‘आय’वरचा टिंब द्यायला सुसाफोन हे अंगाभोवती घ्यायचं मोठं पितळी वाद्य वाजवणारा एक विद्यार्थी ऐटीत पुढे येतो. युद्धासाठी शिकवलेली शिस्त मुलांनी खेळासाठी वापरली. सैन्याच्या बँडमध्ये अशी गंमत कुणी करू दिली असती का? ती विद्यार्थ्यांच्या हातात आली म्हणून झाली.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत जोरकस मुद्दा घेऊ. खेळाडू डोकं फोडून घेतात, गुडघे मोडून घेतात आणि त्यांच्यामुळे टीव्हीचा पैसा येतो. मग आधी त्यांना द्या, बासरीवाल्यांना नंतर. हे मला पूर्ण मान्य आहे. 2021 मध्ये ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायाधीशांनी विद्यापीठांच्या संघटनेविरुद्ध निकाल दिला, तेव्हा ‘हौशी खेळाची पवित्र परंपरा’ हा युक्तिवाद तिथे टिकला नाही, आणि टिकायलाही नको होता. पण खेळाडूंचे पैसे बँडच्या खिशातून यायला हवेत, हे कुणी ठरवलं? नोव्हेंबर 2023 मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने आपल्या फुटबॉल प्रशिक्षकाला, जिम्बो फिशरला, मुदतीआधी काढून टाकलं आणि त्यापायी सुमारे 7 कोटी 60 लाख डॉलर देणं पत्करलं. एका माणसाने यापुढे काम करू नये म्हणून इतके पैसे! विद्यापीठांच्या बिग टेन या गटाने 2022 मध्ये टीव्हीच्या हक्कांचा जो सात वर्षांचा करार केला, त्याची किंमत 7 अब्ज डॉलरच्या वर सांगितली गेली. या ताळेबंदात ट्रॉम्बोनचं तेल आणि गणवेशांची धुलाई शोधून काढणारा माणूस हिशेब करत नसतो. जे आधीच नकोसं झालं आहे, त्याला तो निमित्त शोधत असतो.

नकोसं का झालं, हेही समजून घेतलं पाहिजे. दुसरा मुद्दा त्यातच आहे: स्पीकर जास्त जोरात वाजतो, तरुण प्रेक्षकांना आणि खेळाडूंना त्यांच्या पिढीची गाणी हवी असतात, आणि रेकॉर्ड केलेलं गाणंसुद्धा परंपरा होऊ शकतं. हाही मुद्दा पोकळ नाही. विस्कॉन्सिनच्या मैदानावर तिसरं सत्र संपलं की ‘जंप अराउंड’ लागतं आणि सगळं स्टेडियम उड्या मारतं. हे 1998 पासून चालू आहे. व्हर्जिनिया टेकचा संघ 2000 पासून ‘एंटर सँडमन’च्या तालावर मैदानात येतो, आणि तो क्षण पाहून ज्याच्या अंगावर काटा येत नाही त्याला खेळ कळत नाही असं मी म्हणेन. पण या दोन्ही ठिकाणी एक गाणं, एक ठरलेली वेळ आणि त्या गावाने त्याला दिलेला अर्थ आहे. भांडण त्या गाण्यांशी नाही. दोन डावांमधली प्रत्येक मोकळी जागा आधीच ठरवलेल्या यादीतल्या आवाजाने आणि मोठ्या पडद्यावरच्या जाहिरातीने भरून टाकायची, त्याच्याशी आहे. ती यादी सिअॅटलला वाजली काय आणि फ्लोरिडात वाजली काय, फरक पडत नाही. व्यावसायिक लीगमध्ये तीच वाजते, बास्केटबॉलला तीच वाजते. बँड मात्र समोर चाललेला सामना बघत असतो. टचडाउन झाला की समरगीत, प्रतिस्पर्ध्याला तिसऱ्या प्रयत्नात अडवायचं असेल तेव्हा ढोलांचा वेगळा ठेका, निर्णय विरुद्ध गेला की खिजवणारी दोन ओळींची धून. निर्देशकाची नजर मैदानावर आणि मुलांची नजर त्याच्या हातावर असते. पुण्यात गणपतीच्या मिरवणुकीत डीजे की ढोल-ताशा हा वाद ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हा फरक समजावून सांगावा लागणार नाही: पथकातला मुलगा महिना-दोन महिने हाताला फोड येईपर्यंत सराव करतो, म्हणून मिरवणूक त्याची असते.

अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांतली मुलं हायस्कूलच्या बँडमधून कॉलेजच्या बँडमध्ये जातात. आई-वडिलांना आधी वाटतं, हा वेळेचा अपव्यय आहे. मोठ्या विद्यापीठांच्या बँडमधली बहुतेक मुलं संगीताची विद्यार्थी नसतातच. कुणी इंजिनिअरिंगला, कुणी नर्सिंगला, कुणी अकाउंटिंगला. ऑगस्टच्या उन्हात, कॉलेज सुरू व्हायच्या आधी, डांबरी पटांगणावर आठ पावलांत पाच यार्ड चालण्याचा सराव सुरू होतो. त्याबद्दल मिळतं काय? बहुतेक ठिकाणी एखादं क्रेडिट, कुठे तुटपुंजा भत्ता. खेळाडूंचा बाजार आता खुला झाला आहे. चांगल्या क्वार्टरबॅकने, म्हणजे संघाचा डाव चालवणाऱ्या खेळाडूने, दर वर्षी नव्या विद्यापीठात जावं याला माझी हरकत नाही, तो त्याचा हक्क आहे. पण मग शनिवारी त्या मैदानावर चार वर्षं एकाच जागी, एकाच कॉलेजसाठी उभं कोण असतं, हे एकदा मोजून पाहावं.

इथपर्यंत परंपरावाले माझ्याशी सहमत असतील. पुढच्या मुद्द्यावर नसतील.

समरगीतं पवित्र असतात, त्यांना हात लावायचा नसतो, असं ते म्हणतात. ही गाणी आली कुठून ते जरा बघू. ओक्लाहोमाच्या ‘बूमर सूनर’ची चाल येल विद्यापीठाच्या ‘बूला बूला’वरून सरळ उचलली आहे. ‘ऑन, विस्कॉन्सिन’ 1909 मध्ये रचलं गेलं ते मिनेसोटाच्या स्पर्धेत पाठवण्यासाठी. ऐन वेळी ते विस्कॉन्सिनला मिळालं. टेक्सास ए अँड एमचं युद्धगीत पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत पहाऱ्यावर असलेल्या त्यांच्या एका विद्यार्थ्याने लिहिलं, आणि त्याचा बराच भाग स्वतःच्या कॉलेजपेक्षा शेजारच्या प्रतिस्पर्ध्याविषयीच आहे. मिशिगनचं ‘द व्हिक्टर्स’ तर सर्वांत बोलकं. 1898 मध्ये मिशिगनने शिकागो विद्यापीठाला 12-11 असं हरवून पश्चिमेचं विजेतेपद मिळवलं आणि लुई एल्बेल या विद्यार्थ्याने त्या आनंदात हे गाणं रचलं. गाण्यात मिशिगन ‘पश्चिमेचे विजेते’ आहेत, कारण तेव्हा मिशिगन हीच पश्चिम होती. ज्या शिकागोला हरवलं, त्या विद्यापीठाने 1939 मध्ये फुटबॉलच बंद करून टाकला. आज मिशिगनच्या बिग टेन गटात लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं आहेत. भूगोल बदलला, प्रतिस्पर्धी नाहीसा झाला, तरी गाणं जिवंत आहे. जेरल्ड फोर्ड राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा ते आपल्या कॉलेजचं हे गाणं नौदलाच्या बँडकडून वाजवून घेत. ते टिकलं कारण प्रत्येक नव्या पिढीला ते वाजवावंसं वाटलं. ज्या गाण्याबद्दल तसं वाटेनासं होतं, त्याचं काय करायचं?

हा प्रश्न टेक्सास विद्यापीठापुढे 2020 मध्ये उभा राहिला. त्यांचं ‘द आइज ऑफ टेक्सास’ 1903 मध्ये ऑस्टिनच्या एका मिन्स्ट्रेल शोमध्ये पहिल्यांदा सादर झालं. म्हणजे गोऱ्यांनी तोंडाला काळं फासून काळ्यांची टिंगल करायची, त्या प्रकारचा कार्यक्रम. काळ्या विद्यार्थ्यांना पदवीच्या वर्गात प्रवेश तिथे मिळाला 1956 मध्ये. 1969 चा राष्ट्रीय विजेता संघ पूर्ण गोऱ्या खेळाडूंचा होता. जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या पोलिसाच्या हातून झालेल्या हत्येनंतर जून 2020 मध्ये विद्यापीठाच्याच खेळाडूंनी हे गाणं बदलण्याची मागणी केली. विद्यापीठाने गाणं ठेवायचं ठरवलं. मग ऑक्टोबरमध्ये बँडमधल्या मुलांना विचारण्यात आलं की वाजवायला कोण तयार आहे, आणि पुरेशी मुलं तयार नव्हती. बेलरविरुद्धच्या सामन्याला बँड वाजला नाही. पण गाणं वाजलं, स्पीकरवरून! रेकॉर्डिंग लावलं गेलं.

या एका घटनेत सगळा वाद सामावलेला आहे असं मला वाटतं. ज्यांना परंपरा प्रिय होती त्यांनी परंपरा चालवणाऱ्यांना बाजूला सारून यंत्र आणलं. आणि यंत्राचा सर्वांत मोठा गुण त्या दिवशी दिसला: ते नकार देत नाही. पुढे 2021 मध्ये टेक्सास ट्रिब्यून या वृत्तपत्राने देणगीदारांचे ई-मेल प्रसिद्ध केले. गाणं गेलं तर आमचा पैसाही जाईल, अशा धमक्या त्यांत होत्या. मार्च 2021 मध्ये विद्यापीठाच्या समितीने अहवाल दिला की गाण्याचा पहिला प्रयोग त्या शोमध्ये झाला खरा, पण ते लिहिण्यामागे वर्णद्वेषी हेतू दिसत नाही. त्यानंतर विद्यापीठाने जाहीर केलं की लाँगहॉर्न बँडमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या याच बँडमध्ये, राहायचं तर हे गाणं वाजवावं लागेल, आणि ज्यांना वाजवायचं नाही त्यांच्यासाठी वेगळा बँड काढू.

समितीचा निष्कर्ष मी खोटा म्हणत नाही. हेतू आणि इतिहास यांतला फरक खरा आहे. शंभर वर्षांत लाखो लोकांनी हे गाणं लग्नात, अंत्ययात्रेत, पदवीदानाला म्हटलं आणि त्यांच्या मनात द्वेष नव्हता, हेही खरं आहे. एखाद्या गोष्टीचा उगम वाईट म्हणून ती कायमची वाईट, असं धरलं तर मार्चिंग बँडच उरणार नाही. त्याचा उगम सैन्यात आहे. पण म्हणूनच विचारते, अर्थ जर वापराने बदलतो, तर आज वापरणाऱ्यांना तो कसा लागतो याला किंमत का नाही? माजी विद्यार्थ्याच्या भावनेने गाण्याचा अर्थ उजळतो आणि आजच्या विद्यार्थ्याच्या भावनेने तो बिघडत नाही, हा कुठला न्याय? वेगळा बँड काढणं हे उत्तर वरवर उदार दिसतं, पण ज्या देशात ‘वेगळं पण समान’ या सूत्राखाली पिढ्यान्‌पिढ्या माणसं वेगळी ठेवली गेली, त्या देशातल्या विद्यापीठाला ते सुचावं याचं मला वाईट वाटतं.

गाणं बदललं की घराणं बुडतं, ही भीती किती खरी असते याचं उदाहरण शेजारच्या राज्यात नाही, पण फार दूरही नाही. मिसिसिपी विद्यापीठात आहे. सप्टेंबर 1962 मध्ये जेम्स मेरेडिथ या काळ्या विद्यार्थ्याला प्रवेश मिळण्याच्या दोन दिवस आधी, जॅक्सनमधल्या सामन्याच्या हाफटाइमला गव्हर्नर रॉस बार्नेट यांनी मैदानावरून भाषण केलं आणि स्टेडियम बंडखोर दक्षिणेच्या, म्हणजे गुलामगिरी राखण्यासाठी देशातून फुटलेल्या राज्यांच्या, झेंड्यांनी भरून गेलं. दुसऱ्या दिवशी रात्री दंगल होऊन दोन माणसं मेली. ‘डिक्सी’ ही त्या बंडखोर दक्षिणेची धून त्या विद्यापीठाच्या फुटबॉलशी इतकी जोडली गेली होती की ती काढणं अशक्य मानलं जाई. 2009 मध्ये आधी तिचं एक मिश्र रूप बंद झालं, कारण त्याच्या शेवटी प्रेक्षक ‘दक्षिण पुन्हा उठेल’ असं ओरडत; 2016 मध्ये ‘डिक्सी’ पूर्णच बंद झाली. ओरड झाली, रागाची पत्रं आली. पण स्टेडियम ओस पडलं नाही. संघ आहे, बँड आहे, शनिवारी विद्यापीठाच्या ऑक्सफर्ड गावात झाडांखाली जेवणाचे तंबू पडतातच.

बँडच्या बाजूने बोलताना बँडचे गुन्हे झाकणं मला जमणार नाही. नोव्हेंबर 2011 मध्ये फ्लोरिडा ए अँड एमच्या बँडमधल्या एका ड्रम मेजरला, म्हणजे बँडच्या पुढे चालणाऱ्या विद्यार्थी-नायकाला, त्याच्याच सहकाऱ्यांनी बसमध्ये, ‘रीत’ म्हणून, मारहाण केली आणि तो मेला. 2014 मध्ये ओहायो स्टेटने बँडमधल्या लैंगिक छळाच्या वातावरणावरून निर्देशकाला काढून टाकलं. घट्ट गट, पिढीजात रिवाज, मोठ्यांचा धाकट्यांवर हक्क; जे बँडला बांधून ठेवतं तेच त्याला सडवूही शकतं. पण हा बँड बंद करण्याचा युक्तिवाद होत नाही. उलट, ‘परंपरा आहे, प्रश्न विचारू नका’ या शिकवणीविरुद्धचा तो सर्वांत भयंकर पुरावा आहे. ज्या मुलाला न पटणारी धून नाकारता येत नाही, त्याला बसमधली मारहाण नाकारता येईल का?

आणि त्याच फ्लोरिडा ए अँड एमच्या बँडचा दुसरा इतिहासही सांगायलाच हवा. विल्यम फॉस्टर यांना वाद्यवृंदाचे संचालक व्हायचं होतं. ते कॅन्सस विद्यापीठात शिकत असताना त्यांना सांगण्यात आलं की काळ्या संचालकांना नोकऱ्या नसतात. 1946 मध्ये त्यांनी टालाहासीच्या या काळ्यांच्या कॉलेजात ‘मार्चिंग हंड्रेड’ उभा केला आणि मार्चिंग बँडची चालच बदलून टाकली: गुडघे छातीपर्यंत, अंगभर नाच, रेडिओवर वाजणारी गाणी पितळी वाद्यांवर. 1989 मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीला पॅरिसच्या संचलनात अमेरिकेतर्फे हाच बँड चालला. सदर्न, ग्रॅम्बलिंग, जॅक्सन स्टेट या काळ्यांच्या कॉलेजांत आजही हाफटाइमला कुणी खाण्यापिण्यासाठी उठत नाही. पुष्कळ लोक बँडसाठीच आलेले असतात. 2018 मध्ये गायिका बियॉन्सेने कोचेला संगीत महोत्सवाच्या मंचावर याच शैलीचा बँड उभा केला. 2023 मध्ये टेनेसी स्टेटच्या बँडला गॉस्पेल संगीतासाठी ग्रॅमी मिळालं. ज्यांना वाटतं बँड म्हणजे गेल्या शतकातली जुनाट गोष्ट, त्यांनी हे सामने पाहिलेले नसतात. तिथे बँडला कुणी जतन करत बसलेलं नाही, दर आठवड्याला नवीन काहीतरी वाजवत तो वाढतो आहे. बाकीच्या श्रीमंत विद्यापीठांनी तिथून शिकण्यासारखं खूप आहे.

बँड संघाचा आहे की लोकांचा, याची एक परीक्षा इतिहासात होऊन गेली आहे, जरी ती व्यावसायिक फुटबॉलमधली असली तरी. मार्च 1984 मध्ये बाल्टिमोर कोल्ट्सचा मालक रातोरात ट्रक भरून संघ इंडियानापोलिसला घेऊन गेला. बँड गेला नाही. संघच नसलेल्या शहरात तो वाजवत राहिला, मेरिलँडच्या विधिमंडळासमोर नव्या स्टेडियमसाठीही त्याने वाजवलं, आणि 1996 मध्ये शहराला नवा संघ मिळेपर्यंत तो टिकला. मालकाला संघ हलवता आला; बँड हलवता आला नाही, कारण तो विकत घेतलेला नव्हता. 2016 मध्ये ईस्ट कॅरोलायना विद्यापीठाच्या बँडमधल्या 19 मुलांनी राष्ट्रगीताच्या वेळी वर्णद्वेषाच्या निषेधार्थ गुडघा टेकला, स्वतःच्याच प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. त्यांची भूमिका पटो न पटो, तिथे कुणीतरी विचार करून उभं होतं एवढं तरी कबूल करावं लागतं. विद्यापीठाकडून आपली अपेक्षा याहून वेगळी काय असते?

मग करायचं काय? खेळाडूंना पैसे द्यावेत, आणि बँडला त्याच महसुलातून ठरावीक वाटा द्यावा, देणगीदाराच्या मर्जीवर अवलंबून नसलेला. बँडमधल्या कुणावरही एखादं गाणं वाजवण्याची सक्ती नसावी. मुलं वाजवायला तयार नसतील तर ते गाणं त्या दिवशी वाजू नये, स्पीकरवरूनही नाही. आणि टीव्ही. कॉलेज फुटबॉलचा हाफटाइम वीस मिनिटांचा असतो. घरी बसलेल्या प्रेक्षकाला त्यात स्टुडिओतली टेबलामागची माणसं, इतर सामन्यांचे गुण आणि जाहिराती दिसतात. मैदानावर त्याच वेळी तीनशे मुलं आठवडाभर बसवलेलं काम सादर करत असतात आणि ते जवळजवळ कुणालाच दाखवलं जात नाही. अब्जावधींचे करार करताना विद्यापीठं सामना कोणत्या वारी, किती वाजता सुरू व्हायचा हेसुद्धा वाहिन्यांच्या हाती देऊन टाकतात. पुढच्या करारात हाफटाइमची पाच मिनिटं, दोन्ही बँडसाठी, जाहिरातीशिवाय, असं एक कलम घालणं त्यांना जड नाही. ते मागायला विद्यापीठांचे अध्यक्ष तयार आहेत का, हे पुढचा करार होईल तेव्हा त्यांना जाहीरपणे विचारायला हवं.